मधली रेघ

बाबांनी आयुष्यात गिटारी दुरुस्त केल्या हजारो, घडवली एकच. ती त्यांनी दादाला दिली. मला दुकान दिलं, म्हणजे भाड्याची एक खोली, भिंतीवर टांगलेल्या करवती आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी घालायची हुज्जत. "तो वाजवतो, तू दुरुस्त करतेस," बाबा आजारपणात म्हणाले, "ज्याचं त्याला दिलं." ऐकायला किती न्यायाचं वाटतं. पण त्या गिटारीचं लाकूड मी तासलं होतं, रंगाचे नऊ हात मी दिले होते, आणि दादा तेव्हा कुठल्याशा हॉटेलात जेवणाऱ्या लोकांना गाणी ऐकवत होता. मला राग आला होता. बाबा जाऊन आठ महिने झाले तरी तो उतरला नव्हता.

त्या सोमवारी दादा दुकानात आला तो एका हातात ती गिटार आणि दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा खोका घेऊन. खोक्यात व्हायब्रेटो टेलपीस होता. म्हणजे धातूची एक चकचकीत पट्टी, ती गिटारीच्या पोटावर स्क्रूने बसवायची. तिच्या टोकाला फिरता रूळ, त्यात तारा अडकवायच्या. बाजूला एक दांडा आणि दांड्याखाली स्प्रिंग. दांडा हलकेच दाबला की तारा सैल पडतात, सोडला की पुन्हा ताणल्या जातात आणि सूर डुलतो. बाबा अशा गिटारींना शेपूटवाल्या म्हणायचे. त्यांची स्वतःची बिनशेपटीची होती. तारा टेकतात तो ब्रिज पक्का, त्या अडकतात तो टेलपीस पक्का, सूर हलवायचा तर बोटाने हलवा, असा त्यांचा खाक्या.

दादाचं बोट हलत नव्हतं, हीच तर रड होती. वर्षापूर्वी पत्र्याच्या कडेने त्याच्या डाव्या हाताच्या अनामिकेची शीर कापली गेली. बोट जुळलं, वाकायलाही लागलं, पण तार दाबून थरथरवायला जावं तर नुसतं पडून राहायचं. लांब सूर सपाट यायचे. बँड चालवणारा ड्रमवाला त्याच्याशी स्पष्टच बोलला होता: रविवारी एका नव्या हॉलच्या मालकांसमोर वाजवून दाखवायचं आहे, तोवर काहीतरी कर, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. दादाने चाळिशी ओलांडलेली, दुसरं काही येत नाही. वाजवणं सुटलं तर तो घरात बसून वहिनीच्या कपाळावरच्या आठ्या मोजणार, हे मला दिसत होतं. सगळं दिसत होतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला कुणी भोळी समजायला नको.

"चार भोकं पाडावी लागतील," मी म्हणाले.

"मग पाड."

मी नाही म्हणाले. जुन्या टेलपीसच्याच भोकांत बसणाऱ्या पट्ट्या मिळतात म्हणे, असं त्याने सुचवलं. मी मोजून दाखवलं की बाबांनी ते अंतर आपल्या मर्जीने ठेवलंय, बाजारातली कुठलीच पट्टी बसणार नाही. मग दुसरी गिटार घे, मी म्हणाले. हिचा आवाज दुसरीला नाही, म्हणाला. हिला भोक पाडायला माझा हात धजणार नाही, असं मी सांगितलं आणि ते खरंही होतं. तिथे थांबले असते तर बरं. पण माझ्या जिभेला हाड नाही. बोट गेलं तर वाजवणं सोड, तिच्यावर कशाला सूड उगवतोस, असंही बोलून गेले.

दादा चिडला नाही. तो कधीच चिडत नाही, आणि मला त्याचाही राग येतो. बरं, म्हणाला, मी घरी पाडतो, तू फक्त ड्रिल दे आणि कसं करायचं ते सांग.

मग मी सांगितलं. तो एका पाकिटाच्या मागे लिहून घेत होता. रंगाचे टवके उडू नयेत म्हणून भोकाच्या जागी आधी कागदी चिकटपट्टी लाव. ड्रिलच्या पात्यालाही पट्टी गुंडाळ, म्हणजे किती खोल गेलं ते कळेल. आधी बारीक पातं, मग जाड. स्क्रूला साबण लाव, लाकूड चिरणार नाही. जुन्या टेलपीसखाली आर्थिंगची तार आहे, ती नव्या पट्टीला टेकायलाच हवी, नाहीतर अँप घोंघावत राहील. वरच्या खाचांत पेन्सिलीचं शिसं घास, म्हणजे तारा अडकणार नाहीत. अशा दहा गोष्टी सांगितल्या आणि दहाही खऱ्या होत्या. मला वाटतं, सांगता सांगता माझा राग थोडा निवळलाही होता. हातात काम आलं की माझं तसंच होतं.

मग त्याने पेन थांबवून विचारलं, "आणि मधली रेघ कुठून धरू?"

मधली रेघ म्हणजे पट्टी ज्या रेघेवर बसवायची ती. गिटारीचं पोट दोन फळ्यांचं असतं, मधोमध जोड असतो, रंगाखालून केसासारखा दिसतो. साध्या माणसाला वाटतं तोच मध्य. पण आमच्या दुकानाची शिस्त वेगळी. मध्य लाकडावरून धरायचा नाही, तारांवरून धरायचा. गिटारीच्या डोक्याकडून खालच्या टोकाकडे पहिल्या आणि सहाव्या तारेच्या बरोबर मधून दोरा ताणायचा, तो जिथे जाईल तिथे खूण करायची. बाबांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं ते हेच. दादाला त्यांनी काहीच शिकवलं नाही, तो वाजवणारा होता.

आणि या गिटारीत तर जोडावरून रेघ धरणं म्हणजे वाटोळं. ते मला जितकं माहीत होतं तितकं कुणालाच नव्हतं, कारण ती करणी माझी होती. मी तेव्हा बावीसची होते, शिंगं फुटलेली होती. बाबांनी गोंद लावून नेक, म्हणजे गिटारीची मान, बसवली, क्लॅम्प आवळला, संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस म्हणून बजावलं आणि बाहेर गेले. मला तोच क्लॅम्प दुसऱ्या कामाला हवा होता. मी काढला, काम झाल्यावर परत लावला. तेवढ्यात नेक किंचित सरकली. बाबांच्या लक्षात आलं तेव्हा गोंदाचा दगड झाला होता. ते एका शब्दाने बोलले नाहीत. नेक जिकडे बघत होती त्या अंगाला त्यांनी ब्रिज सरकवला, टेलपीस सरकवला आणि तारा सरळ करून घेतल्या. फक्त खालच्या टोकाला तारांचा मध्य जोडापासून सव्वा सूत बाजूला गेला. तारांखाली कोण बघतं? ऐकणारा वाजवणाऱ्याची बोटं बघतो आणि वाजवणारा नेक. बाबांनी ही गोष्ट आईलाही सांगितली नाही. बोट ठेवायला जागा नाही असं काम झालंय, असंच लोकांना सांगत राहिले.

दादा पेन धरून माझ्याकडे बघत होता.

"जोडावरून धर," मी म्हणाले.

त्याने लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

मी नंतर स्वतःला बरंच काही सांगून पाहिलं. त्याला तिरकं दिसेलच, भोकं पाडायच्या आधीच तो हात टेकेल आणि मुकाट्याने गिटार घेऊन येईल, वगैरे. सगळ्या थापा. जोडावर बसवलेली पट्टी डोळ्यांना अगदी सरळ दिसते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मला ती गिटार त्याच्या हातून सुटायला हवी होती. ती कशी सुटेल याचा विचार करायला मला वेळ लागला नाही, एवढंच.

गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. आवाजात मुलासारखा आनंद होता. पट्टी बसली म्हणे, अँप घोंघावत नाही, जोडापासून दोन्ही बाजूंना तीनदा मोजलं, अंतर अगदी सारखं. वहिनीनेसुद्धा बघून छान म्हटलं. अजून तीन दिवस होते. मी "दोरा लावून बघ" एवढंच म्हणाले असते तर त्याला जमलं असतं, नाहीतर मी जाऊन करून दिलं असतं. मी म्हणाले, "छान झालं." मग गिऱ्हाईक आल्याचं सांगून फोन ठेवला. दुकानात कुणी नव्हतं.

रविवारी मी गेले नाही. काय झालं ते सोमवारी सकाळी त्यानेच सांगितलं, माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसून, मांडीवर गिटार घेऊन. पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्यात लांब सूर होता. त्याने दांडा दाबला, सूर हवा तसा डुलला, त्याला म्हणे रडू यायचं बाकी राहिलं. पण दांडा सोडल्यावर सूर जागेवर आलाच नाही. तारा ब्रिजच्या खाचांत तिरक्या घासून अडकत होत्या. घाबरून त्याने पुन्हा दाबला, तर सगळ्यात जाड तार खाचेतून उडून बाजूला पडली. पुढचं अर्धं गाणं तो बेसूर तारांवर तसाच रेटत राहिला. हॉलचे मालक फोन काढून बसले. ड्रमवाल्याने दुसरा माणूस आधीच बघून ठेवला होता, तो मागच्या खुर्चीतच होता. उरलेली गाणी त्याने वाजवली.

"चांगलं वाजवलं त्याने," दादा म्हणाला.

मी गिटार हातात घेतली आणि पट्टी सोडवून भोकं बघितली. चारही सरळ, एकसारखी खोल, रंगाचा एक टवकासुद्धा उडालेला नाही. स्क्रूंना साबण लागलेला होता. माझ्या हातून याहून सुबक पडली नसती. त्या क्षणी मला स्वतःची किळस आली. नुसतं वाईट वाटलं असं म्हणून ते भागणार नाही.

"मला तर आत्ता मोजलं तरी बरोबरच दिसतंय," तो म्हणाला. "म्हणजे मला धड मोजताही येत नाही. की ड्रिल धरताना हे बोट घसरलं, कुणास ठाऊक. बाबांनी मला दुकानात का येऊ दिलं नाही ते आज कळलं."

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "मी तुला चुकीचं सांगितलं. हिची नेक तिरकी आहे. रेघ जोडावरून धरायचीच नव्हती. मला माहीत होतं, दादा."

तो हसला. इतक्या मायेने हसला की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"राहू दे गं, चिंगे. माझ्यावर पांघरूण घालायला बाबांची नेक कशाला तिरकी करतेस?"

"खरं सांगतेय मी."

"स्क्रूला साबण लावायचं लक्षात ठेवून सांगणारी तू. तू मला चुकीचं सांगशील?"

दोरा माझ्या उजव्या हाताच्या खणात होता. ताणून दाखवायला एक मिनिटही लागलं नसतं. त्याला दिसलं असतं की त्याचं मोजमाप बरोबर होतं, हात बरोबर होता, बोटाने काही घात केला नव्हता. मग त्याने विचारलं असतं की नेक कुणी तिरकी केली, आणि मला तेही सांगावं लागलं असतं. तो तरीही चिडला नसता. बरं, म्हणाला असता. मग चार भोकं बुजवून चार नवी पाड म्हणाला असता आणि मला पाडावी लागली असती. गिटार घेऊन तो पुन्हा ड्रमवाल्याच्या दारात उभा राहिला असता, कदाचित त्याने घेतलंही असतं. हे सगळं माझ्या डोक्यात झरझर येऊन गेलं. मी खण उघडला नाही.

दादा उठला. ड्रमवाल्याने सामान लावायच्या आणि उचलायच्या कामावर ठेवायचं कबूल केलंय म्हणाला, त्या कामाला बोट लागत नाही. मग टेबलावरची गिटार त्याने उचलली, सदऱ्याच्या बाहीने तिच्यावरची धूळ पुसली आणि ती माझ्यापुढे धरली.

"ही आता तुझ्याकडेच असू दे. मी तिची वाट लावली. तू तरी नीट सांभाळशील."

मी दोन्ही हात पुढे केले आणि घेतली.