गुडघ्यापुरती जागा

"ह्याला तुम्ही प्रशस्त म्हणता?"

विक्रेता हसला. विक्रेत्यांना हसण्याचाच पगार मिळतो अशी निरीक्षकांची खात्री होती, म्हणून त्यांनी त्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही. पिकअपचं मागचं दार उघडून त्यांनी आत डोकं घातलं, सीट दाबून पाहिली आणि काहीतरी चिकट लागल्यासारखा हात रुमालाला पुसला.

"सर, हिच्याएवढी मागची सीट दुसऱ्या कुठल्या पिकअपला नाही. पाच माणसं आरामात. शिवाय मागे हौदा वेगळा. कितीही सामान टाका. फॅमिली ट्रिपसाठी तर एकदम…"

"कितीही म्हणजे किती?"

"म्हणजे… भरपूर, सर."

"भरपूर हे माप आहे का?"

विक्रेता गप्प झाला. निरीक्षकांना जरा बरं वाटलं.

वजनमापे खात्यातली त्यांची सगळी नोकरी माणसांना असं गप्प करण्यात गेली होती. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, तळ ठोकून वर घेतलेलं दुधाचं माप, कमी भरणारा पेट्रोलपंप, हे सगळं त्यांनी पकडलं होतं आणि पकडल्यावर त्या माणसांची तोंडं कशी होतात तेही पाहून ठेवलं होतं. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना निरीक्षकच म्हणत. समोर 'साहेब' जोडून, पाठीमागे न जोडता. संधी मिळाली की माणूस चोरी करतो आणि नाही मिळाली की आळस करतो, असं त्यांचं मत होतं. स्वतः त्यांनी कुणाचा कपभर चहासुद्धा घेतला नव्हता. त्याबद्दल कुणी कौतुक केलं, तर ह्याला आपल्याकडून काय हवंय, असा त्यांना संशय येई.

नोकरीत असताना त्यांनी घरच्यांना कधी कुठे नेलं नाही. प्रवासाला जाणं म्हणजे लुबाडून घ्यायला गावोगाव हिंडणं, असं ते म्हणत. मग एक दिवस शेजारचा दातांचा डॉक्टर बायकापोरांना घेऊन समुद्रावरून परत आला आणि फाटकाशी उभा राहून निरीक्षकांच्या बायकोला फोनमधले फोटो दाखवू लागला. त्या डॉक्टरचे स्वतःचेच दात पिवळे होते, त्यामुळे निरीक्षक त्याला मोजत नसत. पण बायको ते फोटो फार वेळ पाहत राहिली. पाहून झाल्यावर तिने फोन परत दिला आणि आत येऊन पोळ्या लाटायला घेतल्या.

त्याच आठवड्यात जेवताना निरीक्षकांनी जाहीर केलं, "गाडी घेतोय. मोठी. सगळ्यांनी प्रवासाला जायचं." मुलगी आणि जावई त्या दिवशी जेवायलाच आले होते. कुणी काही बोललं नाही. निरीक्षकांच्या घरात कुणी काही बोललं नाही की ते ठरलं असं समजत.

म्हणून आज सगळे शोरूममध्ये आले होते. बायको, मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात.

"बाबा, ही जरा उंच आहे," जावई म्हणाला. "आईंचे गुडघे दुखतात. चढा-उतरायला त्रास होईल."

"तुम्हाला गाड्यांतलं काय कळतं?"

जावई शाळेत मुलांना गाणं शिकवत असे. धडधाकट पुरुषाने सकाळी उठून टाळ्या वाजवत पोरांकडून गाणी म्हणून घ्यावीत आणि त्याचे पैसे घ्यावेत, हे निरीक्षकांच्या पचनी पडलेलं नव्हतं. त्याची गाडीही त्याच्यासारखीच होती. लहान, जुनी आणि कायम खुशीत असल्यासारखी खडखडणारी. तो "नाही, मी आपलं सहज…" असं म्हणून बाजूला झाला. मुलीने त्याच्या कोपराला हळूच हात लावला. निरीक्षकांना तेही दिसलं. लेकीने निदान रागावावं, नवऱ्याची बाजू घ्यावी. तीही नुसती हात लावते.

बायको पायरीवर पाय देऊन, दांडीला धरून कशीबशी आत चढली. मागच्या सीटवर बसून तिने पाय लांब केले. गुडघा पूर्ण सरळ झाला. तिचा चेहरा एकदम सैल पडला.

"झोपता येईल की इथे," ती म्हणाली.

"प्रवासात झोपायचं नसतं. बघायचं असतं."

तिने पाय आखडून घेतले आणि थोड्या वेळाने उतरली. विक्रेत्याने तिला हात दिला. मग तो म्हणाला, "चला, तुम्ही कॉफी घ्या तोवर. साहेब निवांत बघू देत." बाकीचे त्याच्यामागून काचेच्या भिंतीजवळच्या टेबलाकडे गेले.

निरीक्षक स्वतः मागच्या सीटवर चढले. स्वतःच्या गाडीत ते कधी मागे बसले नव्हते. चालवायला दुसऱ्याच्या हाती देणं त्यांना जमत नसे. आत नात आधीच बसलेली होती. तिने सँडल काढून खाली नीट ठेवले होते. त्यांनी दार ओढून घेतलं. बाहेरचे आवाज बंद झाले.

"इथे आजी बसेल," ते तिला सांगू लागले, "मध्ये तू, त्या बाजूला तुझी आई. पुढे तुझे बाबा."

"आणि तुम्ही?" ती आजीला 'तू' म्हणे, आजोबांना 'तुम्ही'.

"मी चालवणार."

तिने थोडा विचार केला. "मग मी घरी थांबते."

"का?"

"मला ओकारी येते."

"गोळी घ्यायची. मोठ्या गाडीत तर येतच नाही."

"बाबांच्या गाडीत पण नाही येत," ती म्हणाली. "तुमच्या गाडीतच येते. तुमच्या गाडीत कोणी बोलत नाही ना. आजी पण नाही, आई पण नाही. मग मी नुसती बसते, आणि नुसतं बसलं की येते."

ती तक्रार करत नव्हती. पोट का दुखतं हे डॉक्टरला सांगावं तसं तिने सांगितलं आणि समोरच्या सीटमागचा कप्पा उघडून बघू लागली.

निरीक्षकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मुलांनी मोठ्यांच्या प्रवासात अडथळे आणू नयेत, असं काहीसं त्यांच्या तोंडाशी आलं होतं. पण त्यांची नजर काचेबाहेर गेली.

टेबलाजवळ विक्रेता हातवारे करून काहीतरी सांगत होता. बहुधा चढणीवर बंद पडलेल्या गाडीला धक्का मारणाऱ्या कुणा जाड्या माणसाची गोष्ट असावी, कारण तो गाल फुगवून हवेत रेटत होता. फालतू माणूस. आणि त्यांची बायको हसत होती. कप टेबलावर ठेवून, दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ती हसत होती. मुलगी नवऱ्याच्या खांद्यावर रेलली होती. जावयाने विक्रेत्याच्या गोष्टीतल्या जाड्याचा आवाज काढला असावा, कारण त्याने तोंड उघडलं आणि बायको आणखीच वाकली. प्रवासात मध्येच कुठेतरी पाय मोकळे करायला थांबलेल्या माणसांसारखी ती सगळी दिसत होती.

आधी त्यांना वाटलं, आपल्याला हसताहेत. आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी पुरावा शोधला. पण गाडीकडे कुणी पाहतसुद्धा नव्हतं. ते आत आहेत हे सगळे विसरून गेले होते.

त्यांनी दाराची कडी ओढली. दार उघडेना. पुन्हा ओढली.

"पोरांनी मध्येच दार उघडू नये म्हणून कुलूप असतं," नात म्हणाली. "बाहेरूनच उघडतं."

मग निरीक्षकांना काचेवर टकटक करावी लागली.

टकटक ऐकू गेली आणि तिकडचं हसणं थांबलं. मुलगी सरळ उभी राहिली. जावयाने कप खाली ठेवला. बायकोने तोंडावरून हात फिरवला, आणि हात खाली आला तेव्हा तिचा चेहरा घरातल्यासारखा झाला होता. ही तोंडं निरीक्षकांनी पाहिलेली होती, दुकानादुकानांतून, गल्ल्यामागे.

विक्रेत्याने धावत येऊन दार उघडलं. "सॉरी सर. कशी वाटली?"

निरीक्षक सावकाश उतरले. सगळे वाट पाहत होते.

"गुडघ्याला जागा नाही," ते म्हणाले.

"सर?" विक्रेत्याने सीटकडे पाहिलं. तिथे एखादी खाट मावली असती. "सर, हवं तर पुढची सीट…"

"अडचण होते. नको ही गाडी. कुठलीच नको."

बायको त्यांच्याकडे पाहत राहिली. मघाशी तिचा पाय तिथेच सरळ झाला होता. आजवर त्यांनी खोटं माप सांगितल्याचं तिने ऐकलं नव्हतं. पण तीही अखेर म्हणाली, "हो. जरा अडचणच होते." मुलीने सोडलेला श्वास निरीक्षकांना ऐकू आला. तो त्यांनी ऐकला नाही असं दाखवलं. दुसऱ्यासाठी आंधळंबहिरं होण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती आणि ती त्यांना फारशी जमली नाही. मान उगाचच ताठ झाली.

सुट्ट्या लागल्यावर बाकीचे समुद्रावर निघाले, जावयाच्या गाडीतून. निरीक्षकांनीच सुचवलं होतं. आपल्याला लांबचं झेपत नाही, म्हणाले, आणि जावई गाडी बरी चालवतात. हे ऐकून जावई इतका गडबडला की त्याने दोनदा "काय?" असं विचारलं.

निघायच्या सकाळी त्यांनी डिकीत सामान स्वतः लावलं. बॅगेची चेन टुकार आहे, पाण्याच्या बाटल्या ह्या पोरकट पद्धतीने भरतात का, हे सगळं बोलून झालं. मग त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. बायको बसली. बसताना तिला चढावं लागलं नाही.

"अहो, चला ना तुम्हीपण," ती म्हणाली. "होईल जागा."

"नाही होणार."

मग तिने पट्टा ओढून घेतला. निरीक्षकांनी दार आपटू न देता हळू लावलं.

गाडी हलली. मागच्या काचेतून नातीने हात हलवला. निरीक्षकांनीही हात वर केला. निरोप द्यायला असं कधी उभं राहावं लागलं नव्हतं, त्यामुळे वर केलेल्या हाताचं पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. तो तसाच वर धरून ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

समोरून आलेला एक स्कूटरवाला ब्रेक लावून थांबला आणि काय झालं म्हणून त्यांच्याकडे पाहू लागला.

"तुम्ही जा," ते म्हणाले. "हात तुमच्यासाठी नव्हता."