इथे आत्या बोलेल

[हो]

आत्याने बटण दाबलं. नवा कॉम्प्युटर म्हणाला, "इथे आत्या बोलेल."

[नाही]

"इथे आत्या बोलेल."

[डोकं खाऊ नकोस]

"इथे आत्या बोलेल."

आवाज आत्याचा नव्हता, शेजारी उभ्या असलेल्या भाचीचा होता. प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला. आवाजाची फाइल सापडली नाही तर वाजावं म्हणून, चाचणीपुरतं, तिने स्वतःचं एक वाक्य घालून ठेवलं होतं. म्हणजे आज एकही फाइल सापडत नव्हती.

आत्या पोहायला शिकवायची. तलावाच्या या टोकाला ओरडली की त्या टोकाचा माणूस पाय झाडायला लागायचा. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे कळल्यावर दोघींनी दारं-खिडक्या लावून तिची वाक्यं रेकॉर्ड केली. कामाची थोडी, टोमण्यांची जास्त. आत्याचा आवाज आता तेवढाच उरला होता.

कुठे?

प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये नाही. तो तर भाचीने जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर आणला होता आणि जुना विकायला म्हणून दुरुस्तीवाल्याकडे देऊन आली होती. वर, सगळं पुसून टाका, असंही बजावलं होतं. आवाजाच्या फाइली होत्या सिस्टिमच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये. कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून तिनेच तिथे ठेवलेल्या. काखेत कळसा म्हणावं, तर कळसाच विकायला काढलेला.

दुरुस्तीवाल्याचा फोन लागेना. ती घरातल्या चपलांवरच धावत सुटली.

दुकान. काउंटर. जुना कॉम्प्युटर, झाकण उघडं.

"पुसलंत?"

दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. नाही म्हणाला, आणि वर तिलाच सुनावलं: मालकाला विचारल्याशिवाय तो काही पुसत नाही, सकाळी आत्याबाईंना फोन लावला होता, तर पलीकडे एक मुलगी एकच धोशा लावून बसलेली.

"इथे आत्या बोलेल, इथे आत्या बोलेल. म्हटलं, बोलू दे की मग आत्याला. तोवर थांबू."

भाची स्टुलावर बसली. हसू आवरत नव्हतं. आत्याने फोन स्पीकरपाशी धरून [हो]च दाबलं असणार. ते 'हो' निघालं नाही म्हणून आवाज वाचला.

लपवलेले फोल्डर दिसू लागले. एक उघडला. त्याच्या आत एक. त्याच्या आत

होत्या. सगळ्या.

घरी येऊन तिने फाइली नव्या कॉम्प्युटरवर तशाच फोल्डरमध्ये ठेवल्या, शिवाय आणखी दोन ठिकाणी. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला आणि बाजूला सरकली. आत्याचं बोट बटणांवरून फिरत राहिलं.

[डोकं खाऊ नकोस]

खिडकीची काच थरथरली. मग आत्याने तेच बटण पुन्हा दाबलं, आणि पुन्हा. भाचीने एकदाही थांबवलं नाही.

दुरुस्तीवाला मात्र अजून थांबलेलाच होता. भाचीने फोन लावून स्पीकरपाशी धरला. त्याने विचारलं, पुसू का?

[हो]

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"हां," तो म्हणाला, "आता बोलल्या आत्याबाई."