दोन परीक्षा आणि एक संशयी घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने, किल्लीचे, गजराचे घड्याळ आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. उशिरा उठणारा माणूस स्वतःला कधी बोल लावत नाही. "घड्याळच मागे पडलं" म्हणून मोकळा होतो. जन्मभर असे आळ सोसले की स्वभाव संशयी होणारच.

एका छोट्या कारखान्यात माझी चाके जुळवली गेली. आई-बाबांच्या लग्नात भेट म्हणून मी या घरात आले. आईला पहाटेच्या पाळीला मीच उठवायचे. शेजारीण कौतुकाने म्हणायची, "तुमच्या घड्याळावर आमचंही घर उठतं." मग मोबाइल आले आणि माझी रवानगी कपाटावर, मोडक्या छत्रीशेजारी झाली.

घरातल्या दोघी बहिणींपैकी धाकटीने मला खाली काढले ते तिच्या प्रवेशपरीक्षेच्या वर्षी. कॉलेजसाठी दोन परीक्षा होत्या; कुठलीही एक दिली तरी चालायचे. पहिलीत प्रश्न सोपे, पण ढीगभर. नुसता भराभर हात चालवायचा. दुसरीत प्रश्न थोडे, पण डोके खाजवायला लावणारे. धड तयारी एकीचीच होणार होती. निवड चुकली तर वर्ष हातचे जाणार.

क्लासच्या सरांनी दोन्हींची फुकट चाचणी ठेवली. मोबाइल बाहेर ठेवायचा होता, म्हणून धाकटी मला घेऊन गेली. बाकावरून मी सारे पाहिले. सकाळी पहिली परीक्षा झाली. ती संपते न संपते तोच, पाणी प्यायलाही न सोडता, दुसरीचा पेपर हातात दिला. मुले जांभया देत होती, पोटे कुरकुरत होती. दुसरीत सगळेच आपटले.

सर गोड हसले. "बघा, तुम्हाला पहिलीच बरी. आपला क्लासही तिचाच आहे."

ते हसणे मला काही ठीक वाटले नाही. पण घड्याळाला विचारतो कोण?

घरी बाबा म्हणाले, "सर इतकी वर्षं शिकवतायत. त्यांना कळत नसेल का?"

"मीच ढ आहे, बाबा," धाकटी म्हणाली. "विचार करायचा प्रश्न आला की माझं डोकं बंद पडतं."

तिची मोठी बहीण, ताई, भाजी निवडता निवडता थांबली. "दोन्ही लागोपाठ झाल्या? मध्ये काही खाल्लंस?"

"नाही."

"उपाशी असलीस की तुला स्वतःची चप्पल सापडत नाही, आणि म्हणे ढ."

"नियम सगळ्यांना सारखाच होता की," बाबा म्हणाले.

"म्हणून तर सगळेच आपटले ना, बाबा. आता घरीच, जुने पेपर घेऊन, एका रविवारी एक देऊ दे, पुढच्या रविवारी दुसरी. दोन्ही सकाळी, नाश्ता करून."

बाबांना माझाही संशय आला. त्यांनी मला मोबाइलशेजारी ठेवून सबंध सकाळ तपासले. मी जरासुद्धा चुकले नाही.

पहिल्या रविवारी वेळ संपल्याचा गजर झाला तेव्हा धाकटीचे बरेच प्रश्न उरले होते. ती प्रत्येक प्रश्न दोनदा वाचते. घाई तिच्या रक्तातच नाही. पुढच्या रविवारी मात्र गजराआधीच तिने पेन खाली ठेवले. दोन्ही परीक्षांच्या गुणांचे माप वेगळे, म्हणून ताईने ते शेकड्यात आणले. दुसरी परीक्षा बरीच पुढे निघाली. बाबांनी बेरीज पुन्हा करून पाहिली, मग चष्मा पुसून परत एकदा.

"आता सरांना काय सांगायचं?" ते म्हणाले.

"सांगू, या वेळी पोट भरलेलं होतं," धाकटी म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

धाकटीने दुसरीच परीक्षा निवडली. खऱ्या परीक्षेच्या दिवशी मला आत नेता येणार नव्हते. मी खिडकीत वाट पाहत राहिले. तिथेही कुणी मुलांना उपाशी बसवले असेल का, हीच शंका. संध्याकाळी ती आली आणि ताईला एवढेच म्हणाली, "वेळ पुरला गं."

मित्रांनो, "तुझ्यासाठी हेच बरं" असे कुणी गोड बोलून सांगितले, तर ते बरे नेमके कुणासाठी आहे, हे जरा विचारून घ्या. मग नीट झोपून, नीट खाऊन, दोन्ही परीक्षा स्वतः देऊन पाहा. आणि एका उपाशी दुपारच्या गुणांवरून स्वतःला कधी ढ म्हणू नका.