अर्धी डहाळी

खिळा राइनहोल्ड शेफरने स्वतःच ठोकला होता. गेल्या नोव्हेंबरात, शेडच्या तुळईवर, वाल्डीचा पट्टा लटकतो त्याच्या अगदी शेजारी. वाल्डी म्हणजे त्याची कुत्री. आखूड पायांची, लांबड्या अंगाची आणि जखमी हरणाचा माग काढण्यात पटाईत. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण पट्टा तिथून काढायची कुणाची छाती नव्हती. खिळा ठोकून झाल्यावर म्हाताऱ्याने लेकीला बजावलं होतं, "आणखी एक हरीण जखमी करून हरवलं, की धनुष्य इथे. कायमचं. आणि मग माझी समजूत घालायला कुणी यायचं नाही."

त्या वर्षी एक हरवलं होतं. लेक ट्रूडी तेव्हा बरोबर नव्हती. ती शाळेची बस चालवते आणि तिला रजा मिळाली नव्हती. राइनहोल्डचा बाण लागला, अर्ध्या तासाने तो मागावर निघाला आणि हरीण पुढे पुढे पळत नदीपार झालं. शेफरांच्या घरात नियम आहे की ज्याने हरीण हरवलं त्याने ते मारलं असंच धरायचं, म्हणजे त्याचा हंगाम तिथेच संपला. सरकारचा कायदा असं काही म्हणत नाही, शेफर म्हणतात. त्याच संध्याकाळी त्याने शिकारीचा परवाना फाडून चुलीत टाकला आणि त्यानंतर हा खिळा आला.

म्हणून या वर्षी ट्रूडीने रजा आधीच टाकून ठेवली. विस्कॉन्सिनच्या त्या भागात नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निम्मा गाव रजेवरच असतो. हरणांच्या माजाचे दिवस असतात ते. वर्षभर स्वतःच्या सावलीला बिचकणारा नर या दिवसांत अक्कल गहाण टाकतो, खाणंपिणं सोडतो आणि मान फुगवून भर दिवसा माद्यांच्या मागे धावत सुटतो. राइनहोल्ड म्हणायचा, माणसांचंही तेच, फक्त त्यांचा पंधरवडा ठरलेला नसतो.

बापलेक उजाडायच्या आत मक्याच्या शेताकडेच्या ओकवर, दोघांच्या मचाणावर जाऊन बसले. म्हाताऱ्याच्या डोक्यावर त्याच्या बापाची हिरवी टोपी होती आणि टोपीच्या पट्टीत दोन वर्षांपूर्वीची वाळलेली डहाळी. तो बाप जर्मनीहून येताना एक रीत घेऊन आला होता. हरीण पडलं की सदाहरित झाडाची डहाळी तोडायची. एक तुकडा हरणाच्या तोंडात द्यायचा, त्याचा शेवटचा घास म्हणून. दुसरा जखमेला लावून शिकाऱ्याने टोपीत खोवायचा. आणि हरीण कुत्र्याने शोधून दिलं असेल, तर शिकाऱ्याने आपल्या डहाळीचा अर्धा भाग मोडून कुत्र्याच्या पट्ट्यात अडकवायचा. ट्रूडीच्या लहानपणी वाल्डीच्या आजीपणजीच्या गळ्यात अशा किती डहाळ्या आल्या त्याला गणती नाही.

ऊन शेंड्यांवर आलं तेव्हा आधी मादी आली, जोरात. मागोमाग जमिनीला नाक लावून नर. आठ टोकांची शिंगं आणि ही एवढी मान! राइनहोल्डने धनुष्य ओढलं. खांदा थोडा थरथरला, मग स्थिर झाला. तोंडाने त्याने 'म्यँ' असा आवाज काढला. नर थांबला. बाण सुटायला आणि नराने एक पाऊल पुढे टाकायला एकच गाठ पडली.

आवाज झाला तो ट्रूडीला आवडला नाही. पाण्याने भरलेल्या पिशवीवर थाप मारावी तसा वाटला. नर पाठीला पोक काढून झुडपांआड गेला.

"बसला!" म्हातारा कुजबुजला. त्याचा चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा झाला होता.

थोड्या वेळाने दोघं खाली उतरले. बाण आरपार जाऊन पाचोळ्यात रुतला होता. राइनहोल्डने तो उचलला, नाकाशी धरला आणि सवयीने लांब श्वास घेतला. रक्ताच्या रंगावर त्या सकाळच्या उजेडात कुणी भरवसा ठेवत नाही, कौल नाकच देतं.

"स्वच्छ," तो म्हणाला. "कसलाही वास नाही. छातीतला आहे. अर्ध्या तासात पुढे आडवा पडलेला सापडेल."

ट्रूडीने बाण हातात घेतला. तो नाकापर्यंत न्यायचीसुद्धा गरज पडली नाही. आंबलेल्या मुरघासाचा, गुरांसाठी मुरवलेल्या चाऱ्याचा, भपकाराच आला.

"पा, हा पोटातला आहे."

"छातीतला."

"परत हुंगून बघ."

"हुंगला. तू जन्मायच्या आधीपासून बाण हुंगतोय मी. आता तू शिकवणार का मला?"

बाप हट्टी होता, तिरसट होता, पत्त्यांत सर्रास लबाडी करायचा. पण बाणाच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता. आज बोलतोय, आणि त्या मेल्या खिळ्यापायी बोलतोय, असंच तिने धरलं. पोटात लागलेला नर जवळच कुठेतरी बसतो. दुपार कलेपर्यंत त्याला कुणी छेडलं नाही तर बसल्या जागीच मरतो. छेडलं तर उठतो, आणि मग रक्ताचा थेंबही न सांडता कोसभर जातो. मग तो सापडतो फक्त कोयोटना, तिथल्या रानकोल्ह्यांना. हे तिला शिकवलं होतं ते याच माणसाने.

"दुपारपर्यंत थांबू या, पा."

राइनहोल्डने पश्चिमेकडे हनुवटी उडवली. तिकडे आभाळ भरून आलं होतं. "दुपारी पाऊस येतोय. माग धुऊन जाईल. मग? त्या खिळ्यावर धनुष्य लटकलेलं बघायची तुलाच घाई झालेली दिसते."

हे तिला लागलं. पण बापाशी समोरून भांडून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं. "बरं, पा," ती म्हणाली. "अर्धा तास तर थांबायचंच आहे ना? मग इथे कुडकुडण्यापेक्षा घरी चल, कॉफी घेऊ."

कॉफीला म्हातारा कधी नाही म्हणत नसे.

घर शेताच्या टोकालाच. आई गेल्यापासून तो तिथे एकटा राहायचा. ट्रूडीने कॉफी चढवली, फ्रिज उघडला आणि झटकन मागे सरली. कॅनमधलं दूध नासून असं काही घाण मारत होतं की डोळ्यांत पाणी यावं. ती काही बोलणार तोवर राइनहोल्डने मागून हात घालून कॅन उचलला आणि आपल्या कपात ओतला. पांढऱ्या गुठळ्या वर तरंगल्या. त्याने चष्मा न लावताच चमचा फिरवला आणि मोठा घोट घेतला.

"वा! अशी कॉफी तुझ्या आईलाही जमली नाही कधी."

ट्रूडीने तोच कॅन त्याच्या नाकाखाली धरला. "हुंग."

"दूध आहे."

"कसं आहे?"

"दुधासारखं. कसं असणार?"

"पा, अख्ख्या स्वयंपाकघरात उभं राहवत नाहीये मला. तुला वास येत नाही."

"येतो की. थोडा थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

म्हाताऱ्याने कपात पाहिलं, गुठळ्या दिसल्यावर कप बाजूला सारला. "अजिबात नाही," तो म्हणाला. "तुझी आई गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मला ताप आला होता बघ. तेव्हापासून."

"आणि डॉक्टरला सांगितलं नाहीस!"

"काय करणार डॉक्टर? नवं नाक बसवणार?"

"निदान मला तरी सांगायचं."

"तू आधीच दर रविवारी येऊन माझ्या गोळ्या मोजतेस. म्हटलं, आणखी नाकाचा हिशेब कशाला."

ट्रूडीला हसू येत होतं आणि त्याहून जास्त रडू. म्हणजे बाप खोटं बोलत नव्हता. मघाशी मनातल्या मनात आपण त्याला लबाड ठरवून मोकळे झालो, याची तिला लाज वाटली.

राइनहोल्ड मात्र टेबलावरच्या कॅनकडे बघत बसला होता.

"गेल्या वर्षीचा बाण," तो म्हणाला. "तोही स्वच्छ होता."

ट्रूडीने कॅनचं झाकण घट्ट लावलं.

"हुंगला होता मी. काही वास नव्हता. वास नाही म्हणजे छातीतला, असंच धरून निघालो. बाकीचे वास गेले तर गेले, पण बाणाचा येईल असं वाटायचं गं. तो कसा जाईल?" त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मी आपला हाताला शिव्या देत बसलो."

अख्खा हिवाळा तो धान्याच्या कोठारात गवताच्या गठ्ठ्यांवर बाण मारत होता. खांदा सुजायचा, बर्फाने शेकायचा, परत मारायचा. हात म्हातारा झाला म्हणून. ट्रूडीला बापाची इतकी दया आजवर कधी आली नव्हती.

"आजचा कसा होता? खरं सांग."

"मुरघासासारखा. पोटातलाच."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. ढग अर्ध्या आभाळावर चढले होते. आता निघालं तर माग आहे, पण नर उठणार. थांबलं तर नर उठणार नाही, पण माग जाणार. आणि सापडला नाही तर शेडमध्ये खिळा आहेच. हे त्याचं त्याने ठरवायचं होतं.

"थांबू," राइनहोल्ड म्हणाला आणि बूट काढायला बसला.

ती दुपार सरता सरेना. म्हाताऱ्याने सरपण फोडलं, फोडलेलं सरपण पुन्हा रचलं, सॉसेज तळून खाल्लं आणि त्याची चव छान आहे असं मुद्दाम सांगितलं. मग पावसाची भुरभुर सुरू झाली. आता ट्रूडीच्याच पायांत वारं शिरलं.

"पा, चल निघू. अजून थोडं रक्त मिळेल."

"बस खाली."

"अरे, सगळं धुऊन जाईल!"

"जाऊ दे. एकदा उठवला मी एक. आता परत नाही उठवणार."

ती बसली.

दिवस कलल्यावर निघाले. पाचोळा भिजून काळा पडला होता. जिथे बाण लागला तिथे रक्ताचा एक डाग नाही, झुडपांत नाही, पुढच्या पायवाटेवर नाही. राइनहोल्ड प्रत्येक पान वाकून बघत होता. बघता बघता त्याचे खांदे उतरत चालले होते. ट्रूडीने एकदा शेडच्या दिशेने पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

मग तो थांबला. टोपी काढून ओल्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "वाल्डीला मी असं वारा पाठीवर घेऊन नसतं चालवलं. जखमी नर पाण्याकडे जातो. ओढ्याच्या खालच्या अंगाला चल. वारा तोंडावर घेऊन वर येऊ."

"आणि मग?"

"मग काय? मी बघतो, तू हुंग."

"पा!"

"अगं, माजावरच्या नराला काय घाण मारते माहीत आहे ना? त्यात हवा ओली. चल लवकर, अंधार पडेल."

लांबून कुणी पाहिलं असतं तर दोघांनाही वेड्यात काढलं असतं. एक बाई नाक वर करून ओढ्याकाठी चाललीये आणि मागून म्हातारा, "सावकाश. तोंड मिट. डावीकडे जरा," असं सांगत चाललाय. बराच वेळ फक्त चिखल आणि कुजका पाला. मग वाऱ्याची एक झुळूक आली. बोकडाच्या गोठ्यासारखा उग्र दर्प, आणि त्याखाली तोच मुरघास.

"आला," ती म्हणाली. "वरून. त्या सीडरमधून."

सीडरच्या खालच्या फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. राइनहोल्डने त्या बाजूला केल्या. नर पाय पोटाशी घेऊन, मान कुशीवर टाकून पडला होता. कधीच गार झाला होता. बाण लागला ती जागा तिथून हाकेच्या अंतरावर होती. ट्रूडीचा जीव भांड्यात पडला.

राइनहोल्ड गुडघ्यांवर बसला. त्याने मानेवर हात ठेवला, मग बाणाची जखम शोधली. ती पोटातच होती.

"बसला तिथून उठलाच नाही," तो म्हणाला. मग जखमेवरचा हात न काढता म्हणाला, "गेल्या वर्षीच्यालाही असंच पडू द्यायला हवं होतं. मी पळवला त्याला, ट्रूडी. मरता मरता पळवला." त्याने बाहीला डोळे पुसले. लेकीसमोर रडायची त्याला लाज वाटली नाही. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, सुजतो त्याच खांद्यावर.

मग त्याने सीडरची डहाळी तोडली. एक तुकडा नराच्या तोंडात ठेवला. दुसरा जखमेला लावला, टोपीतली वाळकी डहाळी काढून टाकली, पण नवी लगेच खोवली नाही. ती मधोमध मोडली. अर्धी स्वतःच्या टोपीत गेली. उरलेली अर्धी घेऊन तो उठला आणि ट्रूडीच्या लोकरी टोपीच्या घडीत नीट बसवू लागला. बोटं गारठल्यामुळे वेळ लागला.

"हा वाल्डीचा वाटा ना?" ट्रूडीने विचारलं.

"हो."

"म्हणजे मी तुझी कुत्री!"

"छे. वाल्डी इतकी बडबड करत नव्हती." डहाळी बसली का ते त्याने मागे होऊन पाहिलं. "ऐक. इथून पुढे मी एकटा जाणार नाही. तू येशील तोवर मी येईन. ज्या वर्षी तू नाही म्हणशील, त्या वर्षी खिळा."

ट्रूडीने डहाळीला बोट लावून पाहिलं. "आधी घरी जाऊन ते दूध ओतून टाक," ती म्हणाली.

अंधार पडता पडता दोघांनी नराला ओढत शेडपर्यंत आणलं आणि वर टांगलं. राइनहोल्डने धनुष्य पुसून त्याच्या पेटीत ठेवलं. मग भिजलेलं जाकीट काढलं, इकडे तिकडे पाहिलं आणि वाल्डीच्या पट्ट्याशेजारच्या त्या खिळ्यावर वाळत घातलं.