कॉलरचा चिमटा

"आधी चिमटा लाव," मामा म्हणाला.

"मामा, प्लीज! मी काय दोरीवर वाळत घातलेला टॉवेल आहे?"

खालून आई ओरडली, "टॅक्सी दारात येऊन उभी आहे आणि या दोघांचं अजून चिमट्यावरच अडलंय!"

माझा मामा फिशटँकचा मेकॅनिक. दवाखाना, बँक, हॉटेल, जिथे काचेच्या पेटीत मासे आहेत तिथे मामा पाइप-बादली घेऊन हजर. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर एकटा राहतो. दिवसभर लोकांचे मासे आणि संध्याकाळी स्वतःचे. त्याचे पाच डिस्कस आहेत. बशीसारखे गोल, चपटे, केशरी अंगावर निळ्या रेघोट्या. सगळ्यात मोठ्याचं नाव राजेसाहेब, कारण तो जेवायला बोलावल्याशिवाय येत नाही.

"फार नाजूक जात," हे मी कळायला लागल्यापासून ऐकतेय. पाणी एकोणतीस अंशच हवं. दार आपटायचं नाही. आणि या नाजूकपणापायी मामा सात वर्षांत एक रात्रसुद्धा बाहेर राहिला नव्हता. मावशी दर फोनला म्हणायची, "मासे की बहीण, एकदाचं ठरव बाबा!"

यावेळी मी मध्ये पडले. "तू जा. दोन रात्रींचा तर प्रश्न आहे. मी आहे ना!" गेल्याच महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता, त्यामुळे मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. जी मुलगी तीनशे लोकांसमोर बोलते, तिला पाच मासे काय जड?

तर चिमटा. टाकीतलं पाणी बदलताना हीटरचा प्लग काढावा लागतो, नाहीतर उघडा पडलेला हीटर तडकतो. प्लग काढला की मामा कपड्यांचा एक निळा चिमटा स्वतःच्या कॉलरला लावतो. प्लग परत लावला की मगच चिमटा निघतो. बँकेतही तसंच. एक मॅनेजर म्हणे दहा मिनिटं चिमट्याकडेच बघून बोलत होता.

"माझ्या लक्षात राहतं," मी म्हटलं आणि मामाला टॅक्सीत बसवलं.

शनिवारी संध्याकाळी मी प्लग काढला, तीन बादल्या पाणी बदललं, काच पुसली, गाणं म्हटलं, राजेसाहेबांना गुड नाईट केलं आणि खाली जेवायला आले.

रविवारी सकाळी दार उघडलं तर टाकीत माझे मासे नव्हतेच. पाच काळपट चकत्या मागच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. पर मिटलेले, अंगावर काळे उभे पट्टे. थर्मामीटर बावीसवर. आणि प्लग? टेबलावर, माझ्याकडे बघत.

तेवढ्यात मामाचा फोन.

"काय म्हणतायत मंडळी?"

एका सेकंदात माझ्या डोक्यात सतरा थापा तयार झाल्या. वक्तृत्वाचा तेवढा तरी उपयोग! पण तोंडातून आलं, "जिवंत आहेत."

"रंग?"

"काळे. मामा, मी प्लग लावायचा विसरले. पाणी बावीसवर आलंय. मी... सॉरी मामा."

"रडू नको. ऐक. हीटर लाव, पण काटा हळूहळू वर ने. घाई केलीस तर त्याचाच त्रास होईल. दिवा बंद. खायला काही घालू नको. खिडकीला चादर लाव."

"तू निघतोयस ना?"

"छे! तुझ्या मावशीने धिरडी घातलीयेत. उद्या संध्याकाळी येतो, ठरल्याप्रमाणे."

मी फोनकडे बघतच राहिले. सात वर्षं न हललेला माणूस धिरडी खात बसलाय?

दिवसभर मी टाकीसमोर चटई टाकून बसले. तेवीस. चोवीस. आई ताट वर घेऊन आली आणि म्हणाली, "बाई गं, एवढी अभ्यासाला बसतेस का कधी?" संध्याकाळी सत्तावीसवर राजेसाहेबांनी एक पर उघडला. मग दुसरा. सोमवारी सकाळी एकोणतीसवर पट्टे पुसट झाले आणि राजेसाहेब काचेपाशी येऊन माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू जेवणाला उशीर मीच केलाय. मी एकटीच नाचले. शाळेला दहा मिनिटं उशीर झाला, पण झाला तर झाला!

संध्याकाळी मामा आला. बॅगही न ठेवता टाकीपुढे वाकला. पाचही मोजले.

"तू लगेच का नाही आलास?" मी विचारलं. "नाजूक आहेत ना?"

तो बोटाने काचेवरचा डाग पुसत राहिला. "तुझी मामी गेली, त्या आठवड्यात मी पाणी बदललं आणि प्लग लावायचा राहिला. चार दिवस. पाहिलं तेव्हा एकवीसवर होतं. काळेठिक्कर पडले होते, पण एकही दगावला नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं! मग इतकी वर्षं आम्हाला नाजूक, नाजूक..."

"मासे नाजूक म्हटलं की घरी बसायला बरं पडतं," मामा म्हणाला आणि थोडासा हसला. "चिमटा तेव्हापासूनचा. तिच्या दोरीवरचा आहे."

मी टेबलावर पडलेला चिमटा उचलला आणि प्लगशेजारी नीट ठेवला.

पुढच्या महिन्यात मावशीचा परत फोन आला. मामाने स्वतःच घेतला आणि म्हणाला, "आठ दिवस राहीन म्हणतो. चालेल ना, ताई?"

तो निघाला त्या सकाळी मी पाणी बदलत होते. टॅक्सीचा हॉर्न वाजला. मामा बॅग घेऊन दारापर्यंत गेला, थांबला, आणि त्याचा हात सवयीने कॉलरकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. चिमटा माझ्या कॉलरला होता. त्याने रिकाम्या कॉलरची घडी नीट केली आणि जिना उतरला.