सोवळ्याचा पंचा

रावजीशेटांच्या मोटारीला बाहेर दोन दिवे होते आणि आत तिसरा. बाहेरचे कंपनीने बसवलेले, आतला शेटांनी. पुढच्या काचेला टेकवून त्यांनी दत्ताची तसबीर ठेवली होती. तिच्यापुढे रोज सकाळी खोबरेलाचं निरांजन लागायचं, ऊद जळायचा. ज्योतीला वारा लागू नये म्हणून खिडक्या गच्च बंद. आत धूर असा कोंडायचा की शेट स्वतःच खोकत बाहेर पडायचे आणि डोळे पुसत म्हणायचे, "काय प्रसन्न वाटतंय!"

लवू ड्रायव्हर फणसाखाली उभा राहून हा सोहळा बघायचा आणि मनात म्हणायचा, देवाला दमा नाही तेवढं बरं.

मुंबईत एका पारशाकडे त्याने सात वर्षं मोटार हाकली होती. काच कशी ठेवावी हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. पण शेटांचा दंडक असा, की काच बाहेरून लवूने पुसायची आणि आतून खुद्द शेटांनी. का, तर आत देव आणि लवूचा हात ओवळा. पूजा झाली की शेट निरांजनाचं ओघळलेलं तेल खांद्यावरच्या सोवळ्याच्या पंचाने टिपायचे आणि त्याच पंचाने काचेवर दोन हात मारायचे. तो पंचा कधीकाळी पांढरा होता म्हणे. आता पिळला असता तर त्यात पापड तळून निघाले असते.

सकाळी काही कळायचं नाही. दिवस कलून सूर्य समोर आला, की काच पेजेसारखी पांढरी व्हायची. लवूने दोनदा सांगून पाहिलं.

"शेट, आतून तेलाचा थर बसलाय. पंचा फिरवलात की तो पसरतो, जात नाय."

"सोवळ्याच्या पंचाला तेलकट म्हणतोस? मेल्या, तुझे डोळे तपास. मोतीबिंदू झालाय तुला."

पुढे एका संध्याकाळी हातखंब्याच्या वळणावर एक बैल चार बोटांनी वाचला. शेटांनी बाजारभर सांगितलं, लवूची नजर गेली. उत्सवाच्या दिवशी ते म्हणाले, "देवरूखच्या काशीरामबुवांना कीर्तनाला आणायचंय. दिवेलागणीच्या आत देवळात पोचायचं. वाटेत अडखळलास तर चावी ठेव आणि घरी जा. कोल्हापूरचा दुसरा ड्रायव्हर बघून ठेवलाय."

चाकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण आंधळा म्हणून काढलेल्या ड्रायव्हरच्या हाती रत्नागिरीत कोणी बैलगाडीसुद्धा दिली नसती.

परतताना बुवा पुढे लवूशेजारी बसले. मागे बसलं की त्यांना मळमळायचं. मागून शेटांचं पुराण चालू होतं : देवळाला समया कोणी दिल्या, मंडप कोणी घातला. सगळ्याचं उत्तर एकच, रावजीशेटांनी. देवाने काय दिलं, तेवढं मात्र राहून गेलं.

हातखंबा आलं. गाडी पश्चिमेला वळली, उन्हाची तिरीप काचेवर पडली आणि रस्ता नाहीसा झाला. लवूने ब्रेक दाबला.

"बघा बुवा!" शेट जवळजवळ आनंदानेच ओरडले. "आंधळा आहे हो! ठेव चावी!"

बुवांनी समोर पाहिलं. डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. "शेट, मग मीही आंधळाच. मला तर ताकाची कढी दिसत्ये."

त्यांनी काचेवर बोट ओढलं आणि नाकाशी धरलं. "खोबरेल. तेही जुनं."

"असं कसं होईल? मी रोज सोवळ्याच्या पंचाने पुसतो!"

"हां," बुवा म्हणाले. एवढंच.

रस्त्याकडेला गोदा नावाची म्हातारी अंगणात भांडी घासत होती. मोटार थांबलेली बघून जवळ आली आणि तिने आत डोकं घातलं. "अगो बाय! माझ्या वड्याच्या कढईला येवढा चिकटा नाय. राख देऊ?"

"चाळलेली दे आजी," लवू म्हणाला. "खडा नको, काचेवर ओरखडा जाईल. आणि रिठे आहेत?"

"लुगड्यासाठी भिजवलेत. घे."

"बुवा! सोवळं मोडेल!" शेट कळवळले.

"मोडू नये म्हणून तर." बुवांनी तसबीर उचलून आपल्या मांडीवर घेतली. "देव माझ्याकडे बसले. रिकाम्या काचेला कसलं सोवळं? घास रे लवू."

लवूने ओल्या फडक्यावर राख घेतली आणि कोपऱ्यापासून घासत आला. वर रिठ्याचा फेस, मग दोनदा साधं पाणी, दर वेळी फडकं बदलून. बुवांनी झोळीतून चिपळ्या काढल्या आणि त्याच्या हाताच्या लयीवर हलकेच वाजवत बसले. कोरडी करायला शेटांनी सवयीने पंचा पुढे केला. लवूने त्याच्याकडे असं पाहिलं, की शेटांनी तो गुपचूप मागे घेतला. बुवांनी आपलं धुतलेलं उपरणं दिलं.

शेवटी लवूने काचेवर तोंडाची वाफ सोडली. ती एकसारखी बसली, एकसारखी उडाली, कुठे डाग राहिला नाही. पारशी अशीच परीक्षा घ्यायचा. काचेपलीकडे रस्ता, कडेचा दगडांचा गडगा, गडग्यावरचा सरडासुद्धा दिसत होता.

समया लागायच्या आत मोटार देवळापुढे उभी राहिली.

कीर्तनभर शेट पहिल्या रांगेत घाम पुसत बसले. निरूपणात दृष्टांत आला की दचकायचे : आता माझी काच निघते! पण बुवांनी काचेचं नावही काढलं नाही. खांबाआड उभा राहून लवू ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले, आणि त्याचा धुराशी काही संबंध नव्हता.

कीर्तन संपल्यावर शेट मोकळे होऊन चारचौघांत म्हणाले, "लवूची नजर उत्तम आहे हो. काचेचाच दोष होता. मी तेव्हाच ओळखलं!"

लवू सरळ मोटारीकडे वळला. असल्या माणसावर शब्द तरी कशाला उधळा?

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून शेट पंचा घेऊन काचेकडे वळले, तर लवू दारात हात पुढे करून उभा. शेटांनी त्याच्याकडे पाहिलं, पंचाकडे पाहिलं आणि पंचा त्याच्या हातावर ठेवला.

लवू खाली बसला आणि त्या सोवळ्याच्या पंचाने चाकाचं वंगण पुसू लागला.