जीपमधलं दही

मागच्या भादव्यात गोजरबाईंच्या जीपने दह्याचं ताक केलं, आणि ते सगळ्या धामणगाव बढे गावानं पाहिलं.

लेकीच्या सासरी रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून अमडापूरहून निघताना त्यांनी दह्याचं मडकं मांडीवर घेतलं होतं. राजूर घाट उतरून जीपने वेग धरला, तशी पुढची चाकं अंगात आल्यासारखी थरथरू लागली. विहिणीच्या दारात फडकं सोडलं तर वर लोण्याचा गोळा तरंगत होता. अन्नपूर्णाबाईंनी तो आळीतल्या बायांना बोलावून दाखवला.

"विहीणबाई, काऊन एवढा तरास घेतला? आमच्या घरी रवी हाये नं."

हे बोलणं गोजरबाईंच्या घशात वर्षभर अडकून राहिलं. औंदा महालक्ष्म्यांच्या सणाला लेक विमलला माहेरी आणायचं होतं, तेव्हा त्यांनी निरोप धाडला, "दही घेऊन येतो, अन् जीपनंच येतो. मोडलं तं विमल तुमच्याच घरी राहू द्या."

निरोप गेल्यावर आपण काय बोलून बसलो ते ध्यानात आलं. लेक तीन वर्षांत महालक्ष्म्यांना घरी आली नव्हती.

"माय, तोंड तुहं अन् जीप माही," मुलगा उत्तमराव म्हणाला.

"जीप तुह्या बापानं लिलावात घेतली, अन् त्याले लिलावात मीच धाडलं होतं. मिस्त्री आण."

गावात मिस्त्री एकच, सहदेव. बारा वर्षं लष्करात, फलटणीच्या मोटारखान्यात काढून, महाराष्ट्र झाला त्या साली गावी परतलेला. माणूस कमी बोलायचा आणि हात धुतल्याशिवाय पाणी पीत नसे.

"अरे सहदेव, चाकं काऊन नाचतात रे हे?"

"पाहातो. पण मले मिस्त्री म्हणा, बाई. फलटणीत साहेब लोकबी म्हणत."

"चाक सरळ चाललं का म्हणीन."

सहदेवाने अंगणात जीप दगडांवर चढवली, पुढची चाकं काढली. आसाच्या टोकाला माणसाच्या डोक्याएवढा लोखंडी गोळा. त्याच्या वर एक आणि खाली एक, अशा दोन बेरिंगांवर चाक डावी-उजवीकडे वळतं. त्याने जुनं बेरिंग तळहातावर धरून दाखवलं.

"पाहा. देवी निघाल्यावानी खड्डे पडले."

नवी बेरिंगं अकोल्याहून आली. त्यांच्या झाकणांखाली पोलादाच्या पातळ पत्र्या बसतात. चार कोपऱ्यांना चार भोकं, मधात एक मोठं. "सारा खेळ ह्यायचा हाये," सहदेव म्हणाला. "एखादी जास्त झाली तं चाक ढिलं. कमी झाली तं स्टेरिंग आवळते." त्याने पत्र्या रॉकेलात धुतल्या आणि ओट्यावर जात्याशेजारी एका सुपात वाळत ठेवल्या. "कोणी हात लावू नोका."

"आमच्या घरी चोर नाई," गोजरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळं बसवून त्याने चाक वळायला किती जोर लागतो ते मोजायला त्याच्या दांडीला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवला आणि ओढून पाहिलं. काटा पाहिजे त्याच्या दुप्पट गेला. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच.

"डाव्या चाकाले एक पत्री कमी हाये, बाई. जाडवाली."

"तूच मोजाले चुकला असशीन. उत्तम, चालवून पाहाय."

"नोका चालवू, जाम हाये ते," सहदेव म्हणाला, पण उत्तमराव आईचा मुलगा. जीप फाटकाबाहेर निघाली. गल्ली डावीकडे वळली, जीप वळली नाही. ती सरळ शेजारच्या गुलाबरावांच्या उकिरड्यात छातीपर्यंत शिरली.

गुलाबराव बाहेर आले. जीपकडे पाहिलं, उत्तमरावाकडे पाहिलं. "गोजरबाई, खत पाह्यजे होतं तं मागून घ्यायचं."

मग गोजरबाईंच्या तोंडातून कोणी सुटलं नाही. मुलगा, गडी, कोंबड्या, अकोल्याचा दुकानदार, सगळ्यांचा उद्धार झाला. तोंड दमलं तेव्हा त्या जात्यावर बसल्या. महालक्ष्म्यांच्या वड्यांची डाळ भरडायची राहिली होती. भरड पडत होती मात्र झकास. पीठ नाही, अख्खी डाळ नाही, दाण्याचे बरोबर दोन-दोन तुकडे. काल पीठच पडत होतं, कारण जात्याची वरची तळी जराशी उचलून धरणारी, मधल्या खुंट्यावरची चिंधी झिजली होती. मग आपण हाताशी होतं ते सुपातलं काहीतरी...

जातं थांबलं.

त्यांनी तळी उचलली. खुंट्यावर पत्री. चार कोपऱ्यांना चार भोकं.

कोणी पाहिलं नव्हतं. पत्री पदराखाली घेऊन त्या उकिरड्याकडे निघाल्यासुद्धा. तिथं टाकायची आणि तिथंच सापडवायची. पण अंगणात सहदेव उकिडवा बसून लोहचुंबकाने चिखल चाळत होता, दुपारपासून.

"माहीच चूक असन, बाई," मान वर न करता तो म्हणाला. "सूप झाकाले पाह्यजे होतं."

गोजरबाईंना हे पेललं नाही. त्याने शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

"जात्यात होती," त्या म्हणाल्या. "मीच घातली."

सहदेवाने पत्री हातात घेऊन डाळीची धूळ फुंकली. "भरड कशी पडली?"

"एक नंबर."

"पडणारच. जाडवाली हाये."

उत्तमराव फिसकन हसला. "तू हासू नको," गोजरबाई म्हणाल्या. "उकिरड्यात तू गेला होता, मी नाई."

बैल लावून जीप ओढली, धुतली. पत्री बसली, काटा पाहिजे तिथं थांबला. धामणगावला जाताना गोजरबाईंनी उत्तमरावाला मागं बसवलं आणि सहदेवाला चालवायला सांगितलं. घाट उतरला, सपाटी आली, जीपने वेग धरला. मडकं मांडीवर तसंच.

अन्नपूर्णाबाईंनी फडकं सोडलं. दह्यात लाकडी चमचा उभा रोवला. चमचा उभाच राहिला. त्यांनी जीपकडे पाहिलं.

"कोणं केली दुरुस्त?"

"आमच्या सहदेव मिस्त्रीनं," गोजरबाई म्हणाल्या, आळीतल्या बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

सहदेव तेव्हा काच पुसत होता. पुसून झालेली काच त्याने आणखी एकदा पुसली.

विमल गाठोडं घेऊन मागं बसली. घाट चढताना गोजरबाई म्हणाल्या, "मिस्त्री, माह्या जात्याचं काय मंग आता? पुन्हा पीठच पडून राह्यलं. वडे कायचे करू?"

सहदेवाने एका हाताने स्टेरिंग धरून दुसऱ्याने खिशातून एक चकती काढली. तेलाच्या डब्याच्या पत्र्याची, गोल कापलेली, मधात एकच भोक.

"ही जात्याची, बाई. जीपले चालत नाई. मीबी उचलणार नाई."

गोजरबाईंनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दोनदा मारली.